सिरी परत येते की नाही: ‘द विचर ३’च्या शेवटांचा एक प्रकरण अभ्यास

‘द विचर ३: वाइल्ड हंट’ हा व्हिडिओ खेळ १९ मे २०१५ रोजी बाजारात आला. वॉर्सामधील सीडी प्रोजेक्ट रेड या स्टुडिओने तो तयार केला. प्रसिद्धीपूर्व काळात त्याच्या जगाच्या ३६ वेगवेगळ्या अंतिम अवस्था शक्य आहेत, या गोष्टीची बरीच चर्चा झाली होती. प्रत्यक्षात खेळाडूंच्या आठवणीत राहिला तो यांपैकी एकच प्रश्न: सिरी शेवटी जिवंत परत येते की नाही? राजे कोण झाले, युद्ध कोणी जिंकले, कोणत्या बेटावर कोणाचे राज्य आले, हे सारे निर्णयही खेळाडूच्याच हातात असतात, परंतु ते या प्रश्नाच्या मागे पडतात. या लेखात त्या एकाच प्रश्नाचा, म्हणजे सिरीचे भवितव्य ठरवणाऱ्या यंत्रणेचा, तपशीलवार विचार केला आहे. शेवट उघड केल्याशिवाय असा अभ्यास शक्य नसल्यामुळे ज्यांचा खेळ अजून पूर्ण व्हायचा आहे, त्यांनी येथेच थांबावे हे बरे.

कथेची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. गेराल्ट हा पैसे घेऊन राक्षसांचा बंदोबस्त करणारा विचर. सिरी ही त्याने वाढवलेली मुलगी, आणि जन्माने एम्हीरची, म्हणजे उत्तरेच्या राज्यांशी युद्ध करणाऱ्या निल्फगार्ड साम्राज्याच्या सम्राटाची, कन्या. तिच्या रक्तात जगांच्या सीमा ओलांडण्याची शक्ती आहे, म्हणून एरेडिनच्या नेतृत्वाखालील वाइल्ड हंट, म्हणजे दुसऱ्या जगातून येणारी स्वारांची टोळी, तिच्या मागावर आहे. खेळाचा पहिला मोठा भाग तिच्या शोधात जातो. वेलेनच्या दलदलीत, नोव्हिग्राड शहरात आणि स्केलिगेच्या बेटांवर तिच्या खुणा सापडत जातात, आणि अखेर एका धुक्याच्या बेटावर ती भेटते. त्यानंतर केर मोर्हेनच्या किल्ल्यावर लढाई होते. त्या लढाईत गेराल्टचा वृद्ध गुरू वेसेमिर मारला जातो. सिरीचे भवितव्य ठरवणारे प्रसंग सुरू होतात ते येथून, म्हणजे शोध संपल्यानंतर. ही रचना जाणूनबुजून केलेली दिसते. मुलगी सापडेपर्यंत खेळाडू केवळ तिच्या मागावर असतो. ती सापडल्यानंतर मात्र तिच्याशी वागायचे कसे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

हिशेब ठेवला जातो तो पाच प्रसंगांचा. पहिला प्रसंग केर मोर्हेनवरचा. वेसेमिरच्या मृत्यूनंतर सिरी स्वतःवर चिडलेली आहे, तिला आपली शक्ती आवरता येत नाही. गेराल्ट तिला सांगू शकतो की प्रत्येक गोष्ट जमलीच पाहिजे असे नाही, आणि मग दोघे पिण्यास बसतात. किंवा तिचे मन रमवण्यासाठी तो तिला बाहेर नेतो आणि दोघे बर्फाचे गोळे एकमेकांवर फेकत खेळतात. दुसरा प्रसंग ऐच्छिक आहे. वेलेनला जाण्यापूर्वी गेराल्ट सिरीला व्हिझिमा येथे एम्हीरच्या भेटीस नेऊ शकतो. तेथे सम्राट मुलगी शोधून आणल्याबद्दल मोबदला देऊ करतो. तो मोबदला घेतला तर नोंद विरुद्ध बाजूस होते, नाकारला तर अनुकूल बाजूस. तिसरा प्रसंग नोव्हिग्राडमधला. जादूगारिणींच्या मंडळाला सिरीशी बोलायचे आहे, आणि त्या बैठकीस गेराल्टने तिच्याबरोबर जायचे की तिला एकटीला जाऊ द्यायचे, हे खेळाडूने ठरवायचे. चौथा प्रसंग अव्हालाखच्या प्रयोगशाळेतला. ज्याला सिरी गुरू मानत होती, त्याने तिच्या रक्ताचा आणि वंशाचा अभ्यास एखाद्या नमुन्यासारखा केला होता, हे तिला तेथे कळते. तिचा संताप अनावर होतो. गेराल्ट तिला शांत करू शकतो, किंवा प्रयोगशाळा फोडायला मोकळीक देऊन स्वतःही त्यात सामील होऊ शकतो. पाचवा प्रसंग स्केलिगेमधला. आपल्याला मदत करताना ज्याची अप्रतिष्ठा झाली आणि जो पुढे मेला, त्या स्क्याल नावाच्या तरुणाच्या कबरीवर जाण्याची सिरीची इच्छा आहे. गेराल्ट बरोबर जाऊ शकतो, किंवा वेळ नाही असे सांगू शकतो.

खेळाच्या शेवटी सिरी जगाचा नाश करणाऱ्या शुभ्र हिमाला रोखण्यासाठी एकटी आत जाते. त्या क्षणी तिला याच प्रसंगांच्या आठवणी येताना दिसतात. अनुकूल नोंदी अधिक असतील तर ती परत येते, प्रतिकूल अधिक असतील तर येत नाही. गेराल्टने किती लढाया जिंकल्या, त्याचे शस्त्र किती प्रखर आहे, त्याने किती गावे वाचवली, यांपैकी कशाचाही या मोजणीत समावेश नाही.

दाखवले काय जाते आणि मोजले काय जाते

तांत्रिक बाजू गुंतागुंतीची नाही. स्टुडिओच्या रेडइंजिन या प्रणालीत घडलेल्या गोष्टी ‘फॅक्ट’ या नावाने संख्यारूपात साठवल्या जातात, आणि पुढे कथा एखाद्या वळणावर आली की त्या संख्या विचारून वाट ठरवली जाते. म्हणजे सिरीच्या मृत्यूचा निर्णय खरे तर एका साध्या तुलनेवर होतो. या साधेपणात कमीपणा मानण्याचे कारण नाही. बहुसंख्य शाखायुक्त कथा अशाच नोंदींवर चालतात, आणि लेखकाची कसोटी त्या नोंदींना कोणते प्रसंग जोडले जातात येथे लागते.

येथे एक गोष्ट ठळकपणे नोंदवली पाहिजे. या खेळात नैतिकतेचे मापच नाही. २००३ सालच्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’मध्ये उजेडाच्या आणि अंधाराच्या बाजूंची पट्टी होती. २००४ सालच्या ‘फेबल’मध्ये दुष्कृत्ये केली की नायकाच्या डोक्यावर शिंगे उगवत. अशा खेळांत खेळाडू आपण कोठे उभे आहोत हे पाहून पुढचे पाऊल टाकतो, आणि बहुतेकदा पट्टी एका टोकाला नेण्याच्या नादात प्रसंगाकडे लक्ष देणे सोडून देतो. ‘द विचर ३’मध्ये संवादाचे पर्याय पडद्यावर येतात, कथा पुढे नेणारे पर्याय पिवळ्या अक्षरांत दिसतात, आणि एवढेच. सिरीच्या संदर्भातील पाचही प्रसंग इतर शेकडो संवादांसारखेच दिसतात. खेळाडूला ‘या उत्तराला वजन आहे’ असे सांगणारी कोणतीही खूण नसते.

परिणाम लांबणीवर टाकण्याची पद्धत या मालिकेत जुनीच आहे. २००७ सालच्या पहिल्या खेळात एल्फ बंडखोरांना शस्त्रांच्या पेट्या नेऊ दिल्या, तर पुढच्या प्रकरणात त्याच शस्त्रांच्या जोरावर एका माणसाचा खून झालेला आढळतो. मधल्या काळात खेळाडूने इतके काही केलेले असते की मागे जाऊन जुना सेव्ह (साठवलेला खेळ) उघडणे त्याच्या जिवावर येते. सिरीच्या प्रकरणात हीच युक्ती अधिक परिपक्व रूपात दिसते. पहिला प्रसंग आणि अंतिम निकाल यांच्यामध्ये कित्येक तासांचा खेळ असतो, शिवाय निकाल एकाच चुकीवर ठरत नाही. एखादे उत्तर कठोर निघाले तरी पुढची चार सावरून घेऊ शकतात. वडीलधाऱ्याच्या एका चुकीने मूल हातचे जात नाही, सततच्या वागण्याने जाते, हे या मोजणीच्या रूपानेच सांगितले गेले आहे, आणि त्यासाठी एकही संवाद खर्ची पडलेला नाही.

पाच प्रसंगांची तपासणी

सर्व प्रसंग सारख्या दर्जाचे नाहीत. जादूगारिणींच्या बैठकीचा प्रसंग सर्वांत सुबक आहे. गेराल्टने आत जाऊन सिरीच्या वतीने बोलणे हे ऐकायला प्रेमळ वाटते, आणि पूर्वीच्या अनेक प्रसंगांत त्या मंडळातील बायकांचे कारस्थानी वागणे पाहिलेल्या खेळाडूला तर तीच शहाणपणाची वाट वाटते. परंतु सिरी आता लहान नाही. तिने जगाजगांतून एकटीने पळ काढला आहे, ती तलवार चालवते. तिच्या प्रश्नाचा सूर ऐकला तर तिला सोबत नको आहे, तिला आधाराचे दोन शब्द हवे आहेत, हे समजते. संकेत आहे, पण तो ओळखण्यासाठी तिच्याकडे पाहावे लागते. उत्तर चुकल्यावरही खेळाडू म्हणू शकत नाही की आपल्याला फसवले गेले.

स्क्यालच्या कबरीचा प्रसंग वेगळ्या कारणाने उत्तम आहे. याच तरुणाच्या प्रेताला येनेफर या जादूगारिणीने मंत्राच्या बळावर बोलते केले होते आणि तेव्हा गेराल्ट शेजारी उभा होता. सिरीचा माग काढण्यासाठी ते करावे लागले हे खरे. पण ज्या माणसाने तिला वाचवण्यासाठी प्राण पणाला लावले त्याच्या देहाची ही विटंबना होती, हेही तितकेच खरे. म्हणून ‘वेळ नाही’ हे उत्तर निव्वळ घाईचे राहत नाही. खेळाच्या आधीच्या भागाशी इतका घट्ट सांधा दुसऱ्या कोणत्याही प्रसंगाला नाही.

एम्हीरच्या मोबदल्याचा प्रसंग सरळ आहे, कदाचित गरजेपेक्षा जास्त सरळ. मुलगी बापाच्या स्वाधीन करून पैसे घेणे म्हणजे तिचा सौदा करणे, हे कोणालाही कळते. तरी येथे एक बारकावा आहे. गेराल्टचा धंदाच कामाचे पैसे घेण्याचा आहे, आणि एव्हाना खेळाडूने हरेक गावात मोबदल्यासाठी घासाघीस केलेली असते. खेळाने लावलेली सवयच येथे खेळाडूच्या विरोधात उभी राहते. ज्यांनी न वाचता बटण दाबले असेल, त्यांच्या खात्यावर एक नोंद पडली.

प्रयोगशाळेच्या प्रसंगाबद्दल माझे मत पूर्णपणे अनुकूल नाही. संताप व्यक्त करू देणे योग्य आणि आवरायला सांगणे अयोग्य, असा निवाडा खेळ देतो. सिरीची शक्ती आवरली नाही तर काय होते हे याच खेळाने केर मोर्हेनवर दाखवले आहे. त्यामुळे तिला शांत करू पाहणारा खेळाडू निष्काळजी ठरत नाही, उलट त्याने आधीची गोष्ट लक्षपूर्वक ऐकलेली असते. लेखकांचा आशय असा दिसतो की अव्हालाखच्या घरात तिच्यावर झालेल्या अन्यायाची दखल घेणे हेच येथे महत्त्वाचे होते. तो आशय समजतो, पण दोन पर्यायांतून तो नेमका उमटत नाही.

आणि बर्फाच्या गोळ्यांचा प्रसंग. पेल्याच्या वाटेची नोंद प्रतिकूल होते, बर्फाच्या वाटेची अनुकूल. येथे रचना स्पष्टपणे कमी पडते. दुःखात असलेल्या तरुण स्त्रीजवळ बसून, प्रत्येक गोष्ट जमायलाच हवी असे नाही असे सांगणे आणि तिच्याबरोबर पेला रिकामा करणे, यात अपमान कोठे आहे? नीट पाहिले तर असे म्हणता येईल की त्या वाक्यात सिरीच्या अपयशाला मान्यता आहे, आणि बर्फात खेळण्यात तिच्यातल्या उमेदीला साद आहे. पण पर्यायाच्या त्रोटक ओळीवरून हा फरक समजत नाही. दोन्ही ओळी माया दाखवतात, आणि निवडल्यानंतर पुढचे दृश्य काय असेल याचा अंदाज खेळाडूला बांधता येत नाही. हा प्रसंग पाच-सहा तासांनंतर कोणाच्या मरणाला हातभार लावेल, हे लेखकाला माहीत असून खेळाडूला माहीत नसणे ठीक आहे. मात्र आपण काय म्हणत आहोत हेच खेळाडूला माहीत नसणे ठीक नाही. या दोन अज्ञानांतला भेद हा शाखायुक्त कथालेखनातला मध्यवर्ती भेद आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष झाले की निवड ही सोडत होऊन बसते.

याच खेळात पहिल्या प्रकारचे अज्ञान किती समर्थपणे वापरता येते याचे उदाहरण आहे. वेलेनमध्ये एका टेकडीखाली बंदिस्त असलेल्या आत्म्याला सोडवायचे की मारायचे, असा पर्याय येतो. सोडवले तर तो दलदलीतील अनाथ मुलांना वाचवतो, पण जवळच्या गावावर संकट कोसळते आणि दलदलीतील तीन चेटकिणींच्या शापात सापडलेली अॅना मरते. तिचा नवरा, म्हणजे लोक ज्याला रक्तपिपासू बॅरन म्हणतात तो, गळफास घेतो. आत्म्याला मारले तर मुले जातात, अॅना वेडी होते पण जगते, आणि बॅरन तिला उपचारासाठी दूर घेऊन जातो. परिणाम आधी कळत नाही, पण आपण एका अनोळखी शक्तीवर विश्वास ठेवत आहोत हे खेळाडूला पूर्णपणे कळत असते. जोखीम त्याने स्वतः उचललेली असते. म्हणून त्या प्रकरणाचा वाईट शेवट पाहून लोक हळहळतात, तक्रार करत नाहीत.

सिंहासनाची वाट

सिरी परत आली तर तिचे पुढे काय होते, हा दुसरा टप्पा. येथे दोन शेवट आहेत. एकात ती विचर होते: गेराल्ट सम्राटाला ती मेल्याचे सांगतो आणि तिच्यासाठी घडवलेली चांदीची तलवार तिच्या हाती देतो. दुसऱ्यात ती निल्फगार्डची सम्राज्ञी होण्यासाठी निघून जाते, आणि व्हाइट ऑर्चर्डमधला त्यांचा निरोप हा या खेळातला सर्वांत संयत प्रसंग आहे, असे मला वाटते. तिसरा, वाईट शेवट यांहून पूर्ण वेगळा: सिरी परतलेली नसते, आणि गेराल्ट दलदलीत उरलेल्या तिसऱ्या चेटकिणीला मारून वेसेमिरचे पदक परत मिळवतो, तोवर झोपडीभोवती राक्षसांचा वेढा पडलेला असतो.

सम्राज्ञी होण्यासाठी सिरी वाचणे पुरेसे नाही. तिला दुसऱ्या प्रसंगात व्हिझिमाला नेलेले असले पाहिजे, आणि युद्धात निल्फगार्डचा विजय झालेला असला पाहिजे. युद्धाचा निकाल वेगळ्या धाग्याने ठरतो. उत्तरेतील रेडानियाचा राजा राडोविड याच्या हत्येच्या कटाची एक उपकथा आहे. ती हाती घेतली नाही तर राडोविड जिंकतो. ती पूर्ण केली की शेवटी माजी हेरप्रमुख डिक्स्ट्रा आपल्याच साथीदारांवर, म्हणजे टेमेरिया या उत्तरेतील राज्याच्या रोश, व्हेस आणि थेलर यांच्यावर उलटतो. गेराल्ट बाजूला झाला तर डिक्स्ट्राच्या हाती रेडानिया येते आणि उत्तरेचा विजय होतो. तो रोशच्या बाजूने उभा राहिला तर डिक्स्ट्रा मरतो, निल्फगार्ड जिंकते आणि टेमेरियाला मांडलिक राज्य म्हणून अस्तित्व मिळते.

आता गंमत पाहा. रोशला वाचवणारा खेळाडू बहुधा साम्राज्यासाठी काहीच करत नसतो. तो मित्राला वाचवत असतो. एम्हीरच्या भेटीस गेलेला खेळाडूही बहुधा सिरीच्या राज्यारोहणाचा विचार करत नसतो, त्याला वाटते की बाप-लेकीची भेट व्हावी. या दोन सद्भावनांच्या बेरजेने सिरी सम्राज्ञी होते, आणि ती व्हावी का, हा प्रश्न खेळाडूला थेट कधीच विचारला जात नाही. एकीकडे सिरीच्या स्वातंत्र्याचा सन्मान करणारी पाच प्रसंगांची यंत्रणा, आणि दुसरीकडे तिचे आयुष्य राजकीय भूगोलावर ठरवणारी ही अट, यांचे नीट जुळत नाही. बचाव करायचा तर असे म्हणता येते की इतिहासातही वारस असेच ठरतात आणि निर्णय अखेर सिरीनेच घेतलेला दाखवला आहे. हा बचाव मला अर्धाच पटतो. कथेच्या आत तो चालतो, पण ज्या खेळाडूला वेगळा शेवट हवा होता त्याला आपण नेमके कोठे वळलो हे शोधता येत नाही.

आणखी एक तांत्रिक अडचण या धाग्याला चिकटलेली आहे. राडोविडच्या हत्येकडे नेणाऱ्या काही उपकथा धुक्याच्या बेटावर जाण्यापूर्वी पूर्ण झाल्या नाहीत तर त्या बंद पडतात. बेटावर निघण्याआधी खेळ तशी सूचना देतो, परंतु ती सर्वसाधारण स्वरूपाची असते. कोणत्या उपकथेवर साम्राज्याचे भवितव्य अवलंबून आहे हे त्यातून कळत नाही. ज्याने सिरीला शोधण्याची घाई केली, तो उत्तरेचे राज्य नकळत राडोविडच्या हाती देऊन बसतो. वडिलांच्या भूमिकेतून पाहिले तर ती घाई अगदी स्वाभाविक आहे. येथे मुख्य कथा खेळाडूला घाई करायला सांगते आणि उपकथांची रचना त्याला थांबायला सांगते. खुल्या जगाच्या खेळांचा हा जुना विसंवाद या खेळालाही सोडवता आलेला नाही.

संख्येच्या हिशेबातही या अटीचा परिणाम दिसतो. सिरीचे तीन शेवट आणि युद्धाचे तीन निकाल यांचा गुणाकार नऊ व्हायला हवा. पण सम्राज्ञीचा शेवट एकाच निकालाबरोबर जुळत असल्यामुळे प्रत्यक्ष जोड्या सातच उरतात. स्केलिगेच्या गादीवर सेरिस, ह्यालमार किंवा स्वानरिगे यांपैकी कोण बसते याचा या दोहोंशी संबंध नसल्याने सातांचे एकवीस होतात. गेराल्ट येनेफरबरोबर राहतो, ट्रिस या दुसऱ्या जादूगारिणीबरोबर राहतो की एकटा, याने ती संख्या पुन्हा तिप्पट होते. असे आकडे जाहिरातीत शोभतात. पण यांतील बहुतेक फरक शेवटच्या चित्रमालिकेत गेराल्टचा कवी मित्र डॅंडेलायन याच्या निवेदनातील काही वाक्यांपुरते असतात. प्रत्यक्ष खेळता येणारा वेगळा उपसंहार मिळतो तो फक्त सिरीच्या तीन शेवटांना. निर्मितीचा खर्च कोठे करायचा हे स्टुडिओने ओळखले होते आणि त्यांची निवड बरोबर होती.

मार्गदर्शिका हाती आल्यानंतर

खेळ प्रसिद्ध झाल्यावर पाच प्रसंगांची यादी फार काळ गुप्त राहिली नाही. ती सर्वत्र उपलब्ध झाली, आणि त्यानंतर खेळणाऱ्यांपैकी अनेकांनी ती समोर ठेवूनच हा भाग खेळला. वाईट शेवटाची भीती हे त्याचे कारण. शेकडो तास घालवून वाढवलेल्या कथेचा असा शोकान्त कोणालाच नको असतो, आणि पुन्हा सुरुवातीपासून खेळण्याइतका वेळ बहुतेकांकडे नसतो. यादी हाती असली की बर्फाचे गोळे फेकणे हा आनंद न राहता एक नोंद उरते. लपवलेली यंत्रणा पहिल्या खेळीपुरतीच लपलेली राहते, तीही ज्याने आधी काही वाचलेले नाही त्याच्यापुरती. यावर उपाय म्हणून यंत्रणा अधिक गूढ करावी असे काही जण सुचवतात. माझ्या मते उपाय उलट दिशेला आहे. पर्यायांच्या ओळी अधिक स्पष्ट असत्या, म्हणजे गेराल्ट नेमके काय म्हणणार आहे हे कळले असते, तर यादीची गरजच कमी लोकांना भासली असती. अविश्वास निर्माण होतो तो संदिग्ध ओळींमुळे, आणि अविश्वास वाटला की माणूस मार्गदर्शिका शोधतो.

मालिकेच्या बाबतीत या शेवटांचा भार पुढेही वाहावा लागतो. २०११ सालच्या दुसऱ्या खेळात दुसरे प्रकरण रोश आणि एल्फ बंडखोरांचा नेता इयोर्वेथ यांपैकी कोणाची साथ दिली यानुसार जवळजवळ संपूर्ण बदलत असे. तिसऱ्या खेळात त्या निर्णयांची आठवण ठेवण्यासाठी व्हिझिमाच्या राजवाड्यात दाढी करवून घेत असलेल्या गेराल्टला एक सेनानी प्रश्न विचारतो, आणि उत्तरांवरून जुन्या जगाची स्थिती ठरते. जुना सेव्ह नसलेल्यांसाठी ही सोय फार हुशारीने कथेत मिसळली आहे. परिणाम मात्र मर्यादित ठेवले आहेत: दुसऱ्या खेळात लेथो हा विचर जिवंत राहिला असेल तर तो भेटू शकतो आणि केर मोर्हेनच्या लढाईत उतरू शकतो, असे काही मोजके. कथा जितकी पुढे जाते तितके प्रत्येक जुने वळण जिवंत ठेवणे महाग होत जाते.

सिरीच्या बाबतीत हा प्रश्न आता अटळ झाला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मालिकेच्या चौथ्या खेळाची पहिली झलक दाखवली गेली आणि त्यात मुख्य पात्र सिरी आहे, राक्षसांची शिकार करणारी विचर म्हणून. दलदलीत संपलेला शेवट या पुढच्या कथेत सामावणे शक्य नाही, आणि सिंहासनाकडे गेलेली सिरी पुन्हा रस्त्यावर कशी आली याचेही उत्तर द्यावे लागेल. एक मार्ग म्हणजे एकच शेवट खरा मानून बाकीचे सोडून देणे. दुसरा मार्ग म्हणजे दाढीच्या प्रसंगासारखे काही प्रश्न विचारून, वाचलेल्या सिरीच्या दोन्ही वाटांना निदान काही संवादांत जागा देणे. सम्राज्ञीच्या शेवटासाठी हा दुसरा मार्ग अजूनही मोकळा आहे, कारण राज्य सोडून निघून जाणे हे तिच्या स्वभावाला धरून आहे. ज्यांच्या खेळात ती परतलीच नाही, त्यांच्यासाठी मात्र चौथा खेळ सुरू होतो तो त्यांच्या पाचही उत्तरांकडे दुर्लक्ष करूनच.